द्वारा

मार्चमध्येच चाळिशी ओलांडलेला पारा
रात्री अकरालाही उतरायला तयार नव्हता.
महापालिकेचे आम्ही तिघे, एक बॅटरी,
आणि मोजणीचा अर्ज:
नाव, वय, मूळ गाव, पत्ता.
चौथ्या रकान्यापाशी पेन अडायचं.

एसटी स्टँडच्या कठड्यावर एकजण म्हणाला,
"लिहा, कठडा."
एक बाई म्हणाली, "कालपर्यंत विजापूर वेशीत होते,
आजचं त्या पोलिसाला विचारा."

बंद मिलच्या भिंतीला टेकून
नरसप्पा चिलवेरी. वय एकाहत्तर. जॉबर होता.
कुणीतरी वाटलेली चादर त्यानं
माझ्या बॅटरीपुढं धरली,
अंगठ्यानं सूत चाचपलं.
"वीण विरळ आहे साहेब.
एका धुण्यात ह्यातला मोर जाईल."
आणि घडी घालून, कडेला कड जुळवून,
परत दिली.
"ही पाचवी. या उकाड्यात.
माझा फंडाचा कागद यायचाय.
तो कुठं येईल, तेवढं सांगा."

त्याला अर्जात रकानाच नव्हता.

रविवारी बैठक, बंद पडलेल्या तेलुगू शाळेत.
बाकं लहान, माणसं मोठी,
गुडघे हनुवटीला.
"निवारा हवाच. पण आमच्या बोळात कशाला?"
"पाणी आम्हालाच चार दिवसांआड."
"माझी पोर क्लासहून रात्री येते, बोळात अंधार.
उद्या काही झालं तर तुम्ही येणार का?"
आमचे इंजिनिअर मंजुरीचं बोलले,
मग निधीचं,
मग पुन्हा मंजुरीचं.
माझ्या बोळात बैठक असती
तर मीही त्या पोरीच्या बापासारखाच
उभा राहिलो असतो, हात कमरेवर.

यल्लूबाई बोल्ली सूप मांडीवर घेऊनच आली होती.
विड्यांचा हजार भरायचा होता संध्याकाळपर्यंत.
पान कापलं, तंबाखू भरली, दोरा मारला,
मान वर न करता म्हणाली,
"चिलवेरीचा कागद माझ्या घरी येऊ दे की.
पोस्टमन पाणी माझ्याकडंच पितोय तसाही."

लोक हसले.
मग कुणी हसेना.
पंक्चरवाला महिबूब म्हणाला,
"दोन नावं माझ्या दुकानावर घाला.
दोनच. दुकान भाड्याचं आहे."
एक वकील घड्याळ बघून उठले, ते गेलेच.

त्या बापाला आधी बोळात दिवा हवा होता.
दिवा लागला. नऊ वर्षांत जमलं नव्हतं ते
वीस दिवसांत, निवाऱ्याच्याही आधी.
मग शाळेच्या दोन खोल्या उघडल्या,
बावीस खाटा, चार संडास,
टाकी भरायची पाळी बोळाची एक दिवस,
आतल्यांची एक दिवस.
भांडणं झाली. टाकीवरून तर अजून होतात.
एकदा तोटी चोरीला गेली,
आणि सगळ्यांनी आतल्यांकडं बघितलं.
ती बाहेरच्याच पोरानं नेली होती.
त्याच्या आईनं परत आणून दिली, कुणाकडं न बघता.

नरसप्पाला पहिल्या रात्री झोप आली नाही.
पन्नास वर्षं लूमच्या खडखडाटात गेलेल्या कानाला
पंखा फार हळू बोलतो.
त्यानं खाट दाराशी ओढली.

जुलैत पाकीट आलं.
यल्लूबाईनं ते सुपात ठेवून दिलं,
वर शंभराचा कट्टा, उडू नये म्हणून.
नरसप्पानं फोडलं नाही लगेच. पत्ता वाचला,
बोट ठेवून, अक्षर अक्षर.
नरसप्पा चिलवेरी,
द्वारा यल्लूबाई बोल्ली.
"द्वारा म्हणजे?" त्यानं मला विचारलं.
मी सांगेपर्यंत
जिला वाचता येत नाही ती म्हणाली,
"दार."

कागद फंडाचा नव्हता.
फंडासाठी आणखी एक कागद मागितला होता.
पण तो मागायला त्यांना आता
जागा होती.

माझ्या अर्जात चौथा रकाना
तीनशे नव्वद वेळा कोरा आहे अजून.
काल जेवताना बायकोला विचारलं,
"आपला घर नंबर किती गं?"
तिनं भाकरी तव्यावरच ठेवली.
"विसरलात?"
"नाही," म्हटलं.
"लिहायचाय."